विमानतळापलीकडचा पहिला दिवस

मैत्रिणींनो, परदेशी निघालेल्या मुलीची बॅग भरायला तुम्ही कधी गेला आहात का? आमच्या आळीतली एक नर्स मुलगी जर्मनीला निघाली, तेव्हा तिच्या आईच्या मदतीला आम्ही तिघीजणी दोन दिवस तिच्या घरीच होतो. मेतकूट झालं, गोडा मसाला झाला, कुळथाचं पीठ झालं. तुपाची बरणी मात्र मुलीनेच बाहेर काढून ठेवली. दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून नेलेले युरोपात चालत नाहीत म्हणे. आईला ते काही पटेना. "घरचं तूप आहे, त्याने कोणाचं काय बिघडणार?" असं म्हणत ती बरणीकडे बघत राहिली. मग वजनकाटा आणला, बॅग तीनदा उघडली, तीनदा बांधली. सगळं कसं अगदी निगुतीने.

मुलगी शनिवारी संध्याकाळी तिच्या गावी पोचली. हॉस्पिटलचा माणूस स्टेशनवर घ्यायला आला, खोलीची किल्ली दिली, "सोमवारी सकाळी भेटू" म्हणाला आणि गेला. दुसरा दिवस रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. नुसती रीत म्हणून नव्हे, रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेतच संरक्षण आहे. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं उघडी असतात, पण हिला ते ठाऊक नव्हतं. दूध नाही, ब्रेड नाही, फोनला तिथलं सिमकार्ड नाही. सिमकार्डासाठीही ओळखपत्र दाखवून ओळख पटवावी लागते, आणि ते करायचं कुठे, तर बंद दुकानात! पोरीने अख्खा दिवस भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि नळाचं पाणी यावर काढला आणि खिडकीशी बसून राहिली. नंतर मला म्हणाली, "काकू, भुकेचं काही नाही हो. दिवसभरात माझ्याशी एक माणूस बोललं नाही. असं माझ्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं."

इकडे तिची आई. स्टेशनवरून आलेला दोन ओळींचा मेसेज, आणि मग सोमवार दुपारपर्यंत काहीच नाही. माउली देवापुढून उठली नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या दीड दिवसात आम्ही काळजीत होतो, पण अंधारात नव्हतो. हॉस्पिटलचं नाव, खोलीचा पत्ता, किल्ली देणाऱ्या माणसाचा फोन नंबर, नोकरीच्या कराराची प्रत, पासपोर्टची झेरॉक्स असं सगळं आईच्या कपाटात एका फाइलमध्ये होतं. अगदीच वेळ आली असती तर एक फोन करायचा अवकाश होता.

ही झाली एक मुलगी. आता दुसरीची गोष्ट सांगते.

"दुबईला गेली"

काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या मदत केंद्रात एक म्हातारी आली. बरोबर दोन नातवंडं. मुलगी घरकामासाठी परदेशी गेली होती, अडीच महिने तिचा फोन नव्हता. "कुठे गेली?" तर म्हणे, "दुबईला." पत्ता? नाही. मालकाचं नाव? नाही. पासपोर्टची झेरॉक्स? नाही. होता तो फक्त एजंटचा फोन नंबर, तोही वहीच्या फाटक्या कागदावर, आणि तो नंबर लागत नव्हता. शेवटी भाच्याच्या मोबाइलमध्ये तिकिटाचा फोटो सापडला. तिकीट मस्कतचं होतं. म्हणजे मुलगी दुबईत नव्हतीच, ती होती ओमानमध्ये. आपल्या कोकणात समुद्रापलीकडचं सगळं दुबईच, नाही का? पण ज्या देशात माणूस गेलंच नाही, त्या देशाच्या दूतावासाकडे त्याचा शोध कसा घ्यायचा?

पुढे त्या घरी येणाऱ्या एका मल्याळी ड्रायव्हरच्या फोनवरून तिने आईला दोन मिनिटं फोन केला. त्याने वस्तीचं नाव सांगितलं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या पोर्टलवर तक्रार नोंदवायला बसलो, तर पासपोर्टचा नंबर हवा. तो कुणाला ठाऊक? अखेर घरातल्या ट्रंकेत पासपोर्टच्या अर्जाची पावती मिळाली आणि तिथून धागा लागला. सातव्या महिन्यात ती परत आली. दोन महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच.

ती आल्यावर मी तिला विचारलं, सगळ्यात वाईट काय होतं? मला वाटलं, काम सांगेल, उपाशी ठेवलं म्हणेल, मारलं म्हणेल. ती म्हणाली, "पहिला दिवस."

विमानतळावर एक माणूस तिच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. "शिक्का मारायचा आहे," म्हणून त्याने पासपोर्ट घेतला. एका ऑफिसात पाच-सहा बायका भिंतीशी बसल्या होत्या, तिथे बसवलं. रात्री एका घरी नेऊन सोडलं. "वाय-फाय लावून देतो," म्हणून फोन घेतला, तो परत मिळाला नाही. भाषा कळत नव्हती. सवयीने पहाटे जाग आली, तर अंगणाचं दार बाहेरून बंद. "ताई, मी कुठे आहे हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. कोणी फोन दिला असता हातात, तरी आईला काय सांगणार होते? पत्ता काय सांगणार होते?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एक मुलगी जर्मनीत खिडकीशी एकटी बसली होती, दुसरी मस्कतमध्ये बंद दाराशी. दोघीही पहिल्याच दिवशी एकट्या. पण एकीचं नाव, पत्ता, काम इथे आणि तिथे दोन्हीकडे लिहिलेलं होतं. दुसरीचं कुठेच नव्हतं. फरक धाडसाचा नव्हता, नशिबाचाही नव्हता. फरक नोंदीचा होता.

संरक्षणाचा नियम आणि चोरवाट

तुम्ही म्हणाल, एवढी मोठी सरकारी यंत्रणा असताना हिची नोंद का नव्हती? इथे जरा नियम समजून घेऊ या, कारण खरी गोम तिथेच आहे.

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. असा पासपोर्ट असणाऱ्याला आखाती देश, मलेशिया, जॉर्डन अशा १८ देशांत नोकरीला जायचं, तर सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही मंजुरी 'ई-मायग्रेट' नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून मिळते. त्यात मालक कोण, पगार किती, करार काय हे सगळं नोंदलं जातं. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात दहा लाखांचा अपघात विमा मिळतो. जाण्याआधी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षणही असतं.

बायकांसाठी आणखी कडक नियम आहेत. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणारी बाई किमान तीस वर्षांची हवी, आणि तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. केरळची 'नोर्का रूट्स' ही अशांपैकी एक. आखातात वगैरे जाणाऱ्या नर्सेसनाही २०१५ पासून असाच नियम लागू झाला. आपल्या मुलींची फसवणूक होऊ नये, हाच यामागचा हेतू. आणि तो काही चुकीचा नाही. पंचवीस वर्षांच्या अडाणी पोरीला परक्या घरात एकटीला पाठवायचं, तर कोणाही शहाण्या माणसाला काळजी वाटणारच.

पण घडतं काय? आमची ही मुलगी सत्तावीस वर्षांची, आठवी शिकलेली. नवरा दारूत गेलेला, पदरात दोन लेकरं. तिला कोणी सांगितलं असतं, "बाई गं, अजून तीन वर्षं थांब," तर त्या तीन वर्षांत मुलांनी खायचं काय? मग एजंट येतो. तो म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा व्हिसा करून घेऊ." पाहुणा म्हणून जाणाऱ्याला ती मंजुरी लागत नाही. म्हणजे मंजुरी नाही, करार नाही, विमा नाही, प्रशिक्षण नाही. सरकारच्या वहीत ती बाई पर्यटक! मस्कतचा समुद्र बघायला गेलेली!

नियमाने पुढचं दार बंद केलं. पण घरातली गरज तिथेच होती, आणि मागच्या दाराशी एजंट उभा होता. ज्या बाईला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी तीच संरक्षणाबाहेर पडली. बंदी घालणं सोपं असतं, सोबत करणं अवघड असतं, हे आपण बायकांना वेगळं सांगायला नको. मुलीला शाळेत जाताना कोणी त्रास दिला, तर घरात पहिला उपाय काय निघतो? शाळा बंद. हेही तसंच झालं.

म्हणून मला वाटतं, वयाची अट ठेवायची की काढायची यावर वाद घालण्याआधी एक करता येईल. जी बाई जाणारच आहे, तिला जिल्ह्याच्या ठिकाणी, तिच्या भाषेत, न घाबरता विचारता येईल अशी जागा हवी. आज त्या बाईला पासपोर्टबद्दल पहिली माहिती कोण देतो? एजंट. आणि शेवटची माहिती? तीही एजंटच. उत्प्रवास कायदा बदलण्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. अशा कायद्यात घरकामाला जाणाऱ्या बाईचा विचार आकड्यापलीकडे व्हावा, हे आपण आपल्या खासदारांना सांगायला हवं.

तिकडचं चित्रही सगळंच काळं नाही. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुटी, आणि मालकाने पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. कतारने २०१७ मध्ये दहा तासांची मर्यादा घातली. पण कायदा कागदावर आणि बाई चार भिंतींच्या आत. कारखान्यात तपासणीला अधिकारी जातो, घराच्या स्वयंपाकघरात कोण जाणार? आणि तिकडच्यांना तरी बोल कुठल्या तोंडाने लावायचा? घरकामगारांना माणसासारखं वागवावं म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये जो १८९ क्रमांकाचा करार केला, त्याला भारताचीही मंजुरी नाही. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्याची सुटी आपण देतो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

आता घराघरातून

कोकणातल्या घरांना परदेश नवा नाही. १९७० नंतर रत्नागिरीकडची कितीतरी माणसं आखातात गेली, गोव्यातली त्याही आधीपासून बोटीवर जात होती. पण तेव्हा जाणारे बहुतेक पुरुष. ते दहा-दहाजण एका खोलीत राहायचे, गावचाच कोणीतरी घ्यायला यायचा. आता मुली निघाल्या आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजारांची गोष्ट झाली. त्यात नर्सेसही आल्या. तालुक्याच्या गावांतून मुली जर्मन शिकताहेत, ही किती आनंदाची गोष्ट! जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे परदेशातल्या भारतीयांनी २०२४ मध्ये मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले. त्या डॉलरमागे कोणाकोणाचा असा एकटा पहिला दिवस आहे, याची मोजदाद मात्र कोणी ठेवत नाही.

तर मैत्रिणींनो, सरकार करील ते करील. पण पापड-मसाल्याबरोबर आपल्यालाही काही बांधून देता येईल. या दोन मुलींकडून मी जे शिकले, ते सांगते.

पहिलं म्हणजे कागद. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, करार यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक घरात, एक तिच्या बॅगेत, आणि पासपोर्टचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. व्हिसावर काय लिहिलंय ते शाळेतल्या मास्तरांकडून का होईना, वाचून घ्या. 'व्हिजिट' किंवा 'टुरिस्ट' असं असेल तर तिथेच थांबा. एजंटकडे परवाना आहे का, हे ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर बघता येतं. परवान्याशिवाय भरती करणं हा गुन्हा आहे. परवाना असलेल्या एजंटलाही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मंगळसूत्र गहाण टाकायची पाळी आली, तर समजावं की काहीतरी चुकतंय.

दुसरं म्हणजे पासपोर्ट. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. मालकाच्या नाही, एजंटच्या नाही, आपल्यासुद्धा नाही! कोणी मागितला तर "हा सरकारचा आहे, मला परत हवा," एवढं एक वाक्य तिला इंग्रजीतून पाठ करून द्या. हिंमत होईलच असं नाही, पण वाक्य तोंडात असलं की कधीतरी बाहेर पडतं.

तिसरं, नंबर पाठ हवेत. फोन काढून घेतला तर आतले नंबर काय कामाचे? घरचा एक नंबर देशाच्या कोडसकट तिला पाठ हवा. दुसरा, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा, ब्लाउजच्या आत शिवलेल्या कापडावर का होईना. घरच्यांसाठी सरकारची चोवीस तासांची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८०० ११ ३०९०. अडकलेल्यांच्या राहण्याची, परतीच्या तिकिटाची सोय करण्यासाठी दूतावासांकडे २००९ पासून वेगळा कल्याण निधीही आहे. पण मदत मागायला आधी पत्ता हवा. म्हणून पोचल्यावर पहिलं काम रडायचं नाही, पहिलं काम पत्ता कळवायचा. दाराच्या पाटीचा, रस्त्याच्या नावाचा फोटो काढून पाठवायचा. जर्मनीसारख्या देशात तर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावीच लागते.

चौथं मला त्या म्हातारीनेच शिकवलं. ती म्हणाली, "तिने फोनवर 'बरी आहे' सांगितलं, आणि मी खरं मानलं. मालकीण शेजारी उभी होती, हे मला काय ठाऊक?" म्हणून घरात एक खुणेचं वाक्य ठरवा. "भाकरी करपली" म्हणाली की समजायचं, संकट आहे, बोलता येत नाहीये. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण आजवर चार घरांना मी हे करायला लावलं आहे. चौघींचीही भाकरी अजून करपलेली नाही. करपू नये.

आणि शेवटचं, आपल्यासाठी. पहिल्या दिवशी फोन लागला की "पगार कधी होणार?" हा प्रश्न नको. "आम्हाला करमत नाही, परत ये," हेही नको. ती तिकडे एकटी बसलेली असते, त्यात आपलं रडणं कुठे ठेवील? "जेवलीस का? पत्ता पाठव. उद्या याच वेळेला फोन करते," एवढं पुरे. आणि उद्या त्या वेळेला खरोखर फोन करायचा. त्या जर्मनीच्या मुलीची आई आता रोज रात्री साडेनऊला मोबाइल घेऊन बसते. मुलीने तिकडे शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या नव्या मुलीला रविवारआधी दूध, ब्रेड आणून ठेवायला सांगितलं, हे ती आम्हाला किती कौतुकाने सांगत होती!

मस्कतहून परतलेली ती बाई सध्या एका खानावळीत पोळ्या करते. परवा पासपोर्ट घेऊन केंद्रात आली. मला वाटलं, जुन्या पगाराचं काही विचारायचं असेल. तर म्हणाली, "ताई, मला तीस पुरी झाली. मी परत जाणार." मी जरा वेळ गप्पच राहिले. जाऊ नकोस म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या दोन मुलांच्या शाळेची फी मी भरणार होते का? 

मग मी तिच्यासाठी फाइल आणली. "आधी नाव लिहू," म्हटलं. ती म्हणाली, "आणि पत्ता, ताई. या वेळी पत्ता समजल्याशिवाय मी विमानात चढणार नाही."